पहिला कोण बोलणार

दोन हजार पंचवीस साल नुकतं लागलंय आणि मला एकोणऐंशी चालू आहे. सबनीस, मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. म्हणजे रांगेत मी पुढे होतो. तुम्ही मध्येच घुसलात. जन्मभर शिस्तीचा माणूस म्हणवून घेतलंत आणि शेवटी रांग मोडलीत, हे काही बरं केलं नाही.

काल तुमचं बारावं झालं. ज्येष्ठ मंडळाने सगळ्यांकडून तुमच्यावर लिहून मागितलंय, त्याचं छोटं पुस्तक करणार आहेत. बाकीच्यांनी तुम्ही कुठल्या खात्यात होतात, बदल्या कुठे कुठे झाल्या, असलं लिहिलंय. ते मला ठाऊक नाही, मी कधी विचारलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. सुचतं तसं लिहितो. लिहितो ते तुमच्यासाठी, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही उठून गेलात.

आधी घरची बातमी देतो, ती तुम्हाला पहिली हवी असणार. हर्षालीची बॅग ओटीवर उभी आहे. सुट्टीला आली तेव्हा जिथे ठेवली तिथेच. सोमवारी तिला दिल्लीला वर्गात हजर व्हायचंय, नाही झाली तर नाव काढून टाकतील. ती जाते म्हणत नाही, राहते म्हणत नाही. आणि माझी नात माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी बोलत नाही. एका पंगतीला जेवतो. मीठ हवं असलं तर मी सुनेला सांगतो, सून तिला सांगते, ती मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवते आणि भिंतीकडे बघते. संक्रांत तोंडावर आली, आणि घरात हे असं.

तुम्ही पहिल्यांदा कट्ट्यावर आलात तो दिवस आठवतो का? तुमच्या सोसायटीने गेटाबाहेर सिमेंटचं बाकडं टाकलं आणि त्यावर मी आधीपासून बसायला लागलो होतो. का नाही बसणार? ती बिल्डिंग उभी आहे ते माझं भाताचं खाचर. तुम्ही आलात, रुमालाने बाकडं झटकलंत आणि विचारलंत, "इथे बसू का?"

"बसा. राहताव माझ्या शेतात, मंग बसायला काय विचारताव?"

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. तुम्ही बसलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "अकराव्या मजल्यावर शेत असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं." तेव्हाच मला कळलं, हा माणूस भांडायला चांगला आहे.

मग रोजचंच झालं. तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये तुमचा पेपर. तुम्ही जगाच्या बातम्या वाचायचात आणि मी त्यात खोट काढायचो. हर्षाली कॉलेजातून आली की आपल्यासमोर उभी राहून ऐकायची. हळूहळू पेपर तिच्या हातात गेला. हळूहळू ती तुमच्याशी इंग्रजीत बोलायला लागली आणि मी खाडीकडे बघत बसायला लागलो.

ती परीक्षा तुम्हीच शोधून काढलीत. देशादेशांचे संबंध, त्यांचे करार, तंटे, व्यापार हे शिकवणारी दिल्लीकडची संस्था. साऱ्या देशातून मूठभर पोरं घेतात. मी म्हटलं, "दुसऱ्या देशांचे तंटे सोडवायला चालली. घरात दोन चुलत्यांचा बांधाचा तंटा हाय तो कोन सोडवनार?" तुम्ही म्हणालात, "तो सुटायचा नाही म्हात्रे. सोपे तंटे आधी घेऊ दे तिला."

तिचं नाव लागलं तेव्हा तुम्ही बिल्डिंगभर पेढे वाटलेत. आमच्या घरी बातमी कोणी आणली? वॉचमनने. पेढा खात खात. हा राग माझा अजून गेलेला नाही, तो इथेच लिहून ठेवतो. माझी नात आणि माझ्या आधी वॉचमनचं तोंड गोड.

पण ते पाण्याचं भांडण छान झालं होतं. तिचं नाव लागण्याआधीचं. तिला मुलाखतीसाठी सराव हवा होता. एक नदी, दोन देश, एक वरचा, एक खालचा, पाणी कसं वाटायचं.

तुम्ही लगेच म्हणालात, "मी वरचा. अकराव्या मजल्यावर राहतो."

"आनि मी?"

"तुम्ही खालचे. तुमच्याकडे पाणी येतं ते माझ्याकडून."

"आनि तुमच्या टाकीत पानी कुठून चढतं? तुमच्या बिल्डिंगचा पंप माझ्या विहिरीवर बसलाय. आता सांगा वरचा कोन."

हर्षाली हसून हसून खाली बसली. तुम्ही म्हणालात, हा मुद्दा नियमात बसत नाही. मी म्हटलं, विहीर तुमच्या नियमाच्या आधीची हाय. जेवायची वेळ झाली तरी मी सही केली नाही. तुम्ही उठताना म्हणालात, "तुमच्यासारखा एक माणूस दोन्ही बाजूंना असला की युद्ध अटळ आहे." मला ती शाबासकी वाटली होती.

त्याच दिवशी मी तिला मोऱ्याच्या बैठकीची गोष्ट परत सांगितली. तुम्ही ती इतक्यांदा ऐकलीत की शेवटी शेवटी माझ्याबरोबर बोलायचात. तरी परत लिहितो, सगळं भांडण तिच्यावरच आलं.

मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. खाडीच्या तोंडाशी जाळी कुठे मारायची यावरून मोरा गावचे लोक आणि आमचं गाव असं पेटलं होतं. दोन्हीकडची माणसं बसायचं ठरलं. आमच्यात अशा बैठकीची रीत होती. समोरासमोर बसायचं आणि गप्प राहायचं. जो पहिला बोलेल त्याची बाजू कच्ची, त्याने सोडायचं. सकाळी बसलो. ऊन डोक्यावर आलं. कोणाचं तोंड उघडेना. माझा बाप दगडासारखा. शेवटी मोऱ्याच्या म्हाताऱ्याचा घसा सुकला आणि तो म्हणाला, "वाईच पानी द्या." झालं! मागितलं म्हणजे बोललाच. आमच्या लोकांनी आरोळी ठोकली. बाप उठला, मडक्यातलं पाणी स्वतः काढून त्याला दिलं. जागा आमची झाली.

"बघ पोरी," मी तिला म्हटलं, "मोठ्या लोकांत बसशील तेव्हा ध्यानात ठेव. जो पहिला बोलतो तो हरतो."

तुम्ही म्हणालात, "म्हात्रे, तिथे घड्याळ लावून बोलायला देतात. गप्प बसणाऱ्याची पाळी पुढे सरकते."

"मंग तुमच्या लोकांत दमच नाय म्हनायचा."

हसण्यावारी गेलं ते. तुमच्याही आणि माझ्याही.

ती गेली. संध्याकाळी तिचा फोन तुमच्याकडे यायचा, माझ्याकडे नाही. तुम्ही तो बाकड्यावर मध्ये ठेवून मोठ्याने लावायचात, मला ऐकू यावा म्हणून. मी ऐकत नाही असं दाखवायचो. तुम्हाला ते कळत होतं, आणि तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. यासाठी तुमचे उपकार मानायचे राहिले. आता मानतो.

कसलं कसलं सांगायची. आठवड्याला एवढं वाचायचं की मी जन्मात तेवढं वाचलं नसेल. अख्ख्या लढाईवर दोन पानी टिपण लिहायचं, दोनाचं सव्वादोन झालं तर वाचत नाहीत. मंत्र्याला वेळ नसतो म्हणे. वर्गात हात वर करून बोललं नाही तर मार्क कापतात. कोणाचा बाप वकिलातीत, कोणी चार देशांत शाळा शिकलेलं, एक पोरगा जेवताना तीन भाषांत भांडायचा. खोलीत जोडीदारीण जयपूरची, कांदासुद्धा न खाणारी. आणि आमच्या सुनेने पाठवलेला सुकटीचा डबा!

"ती म्हणते डबा उघडला की तिचं डोकं दुखतं," हर्षाली सांगत होती.

तुम्ही म्हणालात, "मग कर की वाटाघाटी. शिकायला गेलीयेस कशाला?"

दोन दिवसांनी फोन आला. डबा गच्चीवर जाऊन उघडायचा, आणि जोडीदारणीने पहाटेची भजनं कानात घालून ऐकायची, खोलीभर नाही. तुम्ही टाळी वाजवलीत. "हर्षाली म्हात्रे, तुझा पहिला करार!" मला राहवेना. मी लांबूनच ओरडलो, "आनि सुकट कोनाची? आमच्या घरची. त्याचं नाव लिव्हलं का करारात?"

फोनमध्ये ती हसली. "लिहिलं आजा." बस, एवढं बोललो होतो आम्ही त्या सहा महिन्यांत.

एकदा ती रडली होती, तेही तुमच्याच फोनवर. कोणीतरी विचारलं तू कुठल्या शाळेची, आणि हिने आपल्या शाळेचं नाव सांगितलं. समोरचा "अच्छा" म्हणाला आणि दुसऱ्याशी बोलायला लागला. एवढंच. शिवी नाही, काही नाही. मी बाजूला आहे हे ती विसरली होती. मी उठून वडापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला कळलं नाही. विचारणार होतो.

मग तो दिवसभराचा खेळ. तुम्हाला माहीत आहे, पण तुमची बाजू तुम्ही बोललात, माझी मी बोललो, तिची कोणी नीट मांडली नाही. मी मांडतो. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक देश दिला. समुद्र वर चढतोय, बेटं बुडतायत, सगळ्यांनी मिळून करार करायचा, मास्तर मागे बसून बघणार. हिला दिलं बुडणारं एक बेट. सगळ्यात लहान. हिने मोठी तयारी केली होती. तुमच्याबरोबर चार संध्याकाळी फोनवर बसली होती.

आणि तिथे जाऊन ती गप्प बसली.

वाट बघत बसली. मोठे देश पहिले बोलतील, तोंड उघडतील, कच्चे पडतील, मग आपण. मोठे देश बोललेच नाहीत. चहाच्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहिले, तिथेच करार लिहिला आणि आत आणला. तिच्या बेटाला त्यात एक ओळ नव्हती, सहीला जागा तेवढी होती. हिने सही केली नाही आणि बोललीही नाही. मास्तरांनी सगळ्यांदेखत शेरा दिला की हे बेट हजर होतं, पण नव्हतं. नंतर बोलावून सांगितलं, पुढच्या सहा महिन्यांत अशीच राहिलीस तर दुसऱ्या वर्षाला जागा धरता येणार नाही.

सुट्टीत घरी आली ती आधी आमच्या ओटीवर बॅग टाकून तुमच्याकडे आली, बाकड्यावर. मी होतोच.

"मला परत नाही जायचं," म्हणाली.

तुम्ही विचारलंत, "पण तू गप्प का बसलीस? आपण एवढं लिहून काढलं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. "आजा म्हणतो ना, जो पहिला बोलतो तो हरतो."

तुम्ही चष्मा काढलात. तुम्ही चष्मा काढलात की काहीतरी वाईट बोलणार हे मला ठाऊक होतं. बाकड्याजवळ मंडळाची दोन-तीन माणसं होती, वॉचमन होता. तुम्ही म्हणालात, "अहो म्हात्रे, तुमच्या त्या गावकीच्या गोष्टीपायी पोरगी बुडाली."

"माझ्या गोष्टीपायी? परीक्षा तुमी शोधलीत, पाठवलीत तुमी, पेढे वाटलेत तुमी. तरली असती तर तुमची, बुडाली तवा माझी काय?"

"मी तुमचा दोष काढत नाहीये."

"मंग चष्मा घाला."

तुम्ही घातला नाहीत. तिच्याकडे वळलात आणि म्हणालात, "हर्षाली, नको वाटत असेल तर नको जाऊस. जिवापेक्षा काही मोठं नाही."

सबनीस, त्या एका वाक्याने माझं डोकं गेलं. मी मोठ्याने बोललो, सगळ्यांनी ऐकलं. "पाठवायला तुमी आनि माघारी बोलवायला पन तुमीच? माझी नात हाय का तुमच्या कचेरीतली फाईल?" आणि तिला म्हटलं, "गेलीस ना? आता पुरं करूनच ये. म्हात्र्यांच्या घरात अर्ध्यातून पाठ दाखवून कोन आलं नाय."

"तू तर मला जाऊच देत नव्हतास, आजा!"

"तवा नव्हतो देत. आता देतो."

ती उठून गेली. मग मी गेलो. तुम्ही बसून राहिलात, हातात चष्मा.

यातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही. तुम्ही मेलात म्हणून तुमचं बरोबर होत नाही. तुम्हाला वाटलं पोर दुखावली आहे, तिला सावलीला घ्या. मला वाटलं पोर एकदा पडली आहे, आता सावलीला घेतली तर जन्मभर ऊन बघून पळेल. यावर आपण नीट भांडायला हवं होतं, बसून, दोन-चार दिवस. ते भांडण आपण केलंच नाही. आपण गप्प बसलो.

बाकडं तेच. तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये पेपर नाही. वॉचमन बिचारा मध्ये सापडला.

"काका, सबनीस साहेब विचारतायत पेपर पाहिजे का."

"पेपरला म्हनावं पाहिजे असंल तर स्वतः चालत ये."

तो तुमच्याकडे गेला, परत आला. "साहेब म्हणतात, पेपरला पाय नसतात, पण जीभ माणसाला असते."

मला हसू आलं होतं. गिळलं. तुमच्या टोकाला सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. डोळे बारीक करून बसायचात. माझ्या बाजूला जनरेटरच्या खोलीची सावली. मी मनात म्हणायचो, सरक की मेल्या इकडे, कशाला भाजून घेतोस. तुम्ही सरकला नाहीत. मी सरका म्हटलं नाही. कोण पहिला बोलणार?

आणि मग तुम्ही आलात.

माझ्या दारात. इतक्या वर्षांत तुम्ही आमच्या घरी किती वेळा आलात? गणपतीत एकदा. त्या दिवशी सकाळी पायरीवर उभे राहिलात, दम लागला होता, आणि म्हणालात, "म्हात्रे, चहा मिळेल का?"

मी ओटीवर बसलो होतो. हर्षाली आतल्या दारात उभी राहिली. मी खाडीकडे बघितलं. माझ्या मनात काय आलं, खरं सांगतो. मनात आलं, जिंकलो.

सुनेने चहा आणला. तुम्ही बसून प्यायलात. माझ्याकडे बघितलंत, हर्षालीकडे बघितलंत. कप खाली ठेवून म्हणालात, "चहा चांगला होता," आणि काठी टेकत निघून गेलात. मी मिशीवर हात फिरवला.

तिसऱ्या सकाळी वॉचमन आला. या वेळी निरोप घेऊन नाही. नुसता दारात उभा राहिला.

तुमच्या बिल्डिंगची तऱ्हा मी बघितली. लिफ्ट, लिफ्टमधून चाकांची खाट, खाटेवरून सरळ गाडीत. माणसाला माणसाचा हात लागत नाही. मी गेटात आडवा उभा राहिलो. सेक्रेटरी म्हणाला, "काका, गाडी थांबलीय."

"थांबू दे. गेटापासून वडापर्यंत खांद्यावर जानार."

"असं इथे करत नाहीत, काका."

"ही जागा माझ्या बापाची होती तवा करत होते."

तुमचा मुलगा बाहेरदेशातून आलेला, झोप नाही, डोळे सुजलेले. तो म्हणाला, "करू दे आजोबांना." चौघांनी घेतलं, पुढे मी. तुम्ही वजनाला काहीच नव्हतात. बोलण्यात एवढे जड होतात, मला वाटलं होतं खांदा मोडेल.

वडाखाली उतरवलं. ज्याने त्याने तुळशीपानाने तुमच्या तोंडात पाणी घातलं. माझी पाळी आली. मी पान बुडवलं आणि तुमच्या ओठांवर धरलं. पाणी आत गेलं नाही. ओठांवरून गालावर आलं आणि गालावरून खाली, पांढऱ्या कापडावर.

तिथे उभ्या उभ्या मला बाप आठवला. मोऱ्याच्या म्हाताऱ्याला मडक्यातलं पाणी देणारा. ते मी कायम गोष्टीचं शेपूट म्हणून सांगत आलो, पाणी दिलं, जागा आमची झाली. त्याच्या पुढचं कधी सांगितलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर बापाने त्या जागेतली अर्धी त्याला दिली होती. घरी जाताना मी बापाला म्हटलं, "जिकलो तरी दिलंस कशाला?" बाप म्हणाला, "रीतच हाय. पहिला बोलला त्यानं सोडायचं, आनि जिकला त्यानं उठून आपल्या हातानं पानी द्यायचं, वाटा पन द्यायचा. नायतर जिकलास कसला? नुसता गप्प बसलास."

मला ते तेव्हा आवडलं नव्हतं, म्हणून मी विसरलो. तिला अर्धीच रीत सांगितली. तुम्हालाही. पण तुम्ही ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती. मागणं म्हणजे बोलणं, हे तुम्हाला पाठ होतं. चहा तुमच्या घरी होता. दम लागलेला माणूस अकरा मजले उतरून माझ्या पायरीपर्यंत चहासाठी येत नाही. तुम्ही नातीदेखत हरायला आला होतात. आणि चहा दिला सुनेने.

मी अजूनही म्हणतो, गप्प बसायला छाती लागते. यावर तुमचं-माझं जमणार नाही. पण आता समोरच्या टोकाला कोणी नाही, आणि एकट्याने गप्प बसणं ही काही ताकद नाही, ती नुसती सवय.

हर्षाली आत पडून आहे. दिवा चालू आहे. बॅग ओटीवर आहे. तिला जा म्हणू का राहा म्हणू, मला कळत नाही. दोन्ही म्हणून झालं. आज इथे थांबतो, डोळे चरचरतात.

सकाळ झाली, पुढचं लिहितो.

उठलो. चूळ भरली. हर्षाली अंगणात हांडा भरत होती. सून आत भाकऱ्या थापत होती. मी ओटीवर बसलो, घसा खाकरला. ती वळली नाही. मला घाम आला, सबनीस, थंडीच्या दिवसांत. तुम्ही माझ्या पायरीवर कसे उभे राहिला असाल ते तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "हर्षा, वाईच पानी दे."

तिचा हात हांड्यावर थांबला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहे तिची. सून आतून म्हणाली, "थांबा, मी देते," तर पोरीने तिला हात करून थांबवलं. तांब्या घासला, भरला, घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. दिला नाही. हातात धरून ठेवला.

"पहिला बोललास, आजा."

"बोललो."

"हरलास."

"हरलो. रीत पुरी सांगू का? जिकला त्यानं आपल्या हातानं पानी द्यायचं, आनि बोलला त्याच्यासाठी पन वाटा राखायचा. हे तुला सांगायचं राहिलं होतं."

तिने तांब्या दिला. मी प्यायलो. ती बाजूला बसली, बॅगेला टेकून, आणि बोलायला लागली. सबनीस, काय बोलली हो! थांबेचना. ते बेट, तो व्हरांडा, तो "अच्छा" म्हणणारा पोरगा, सगळं. मी मध्ये एक शब्द घातला नाही, आणि हे गप्प बसणं वेगळं होतं.

शेवटी म्हणाली, "मी जाते. पण माझ्या अटी आहेत."

"बोल."

"जमलं नाही तर मी परत येणार. आणि तेव्हा तू खाडीकडे तोंड करून बसायचं नाही."

"नाय बसनार. पन भांडेन."

"भांड. आणि फोन मी तुला करणार. तू उचलायचा."

"माझ्याकडं इंग्रजी नाय, तुझ्या त्या टिपनाचं मला काय कळनार?"

"तू खालचा देश हो. सही करायची नाही, एवढंच काम."

"ते जमंल. कबूल."

तिने बॅग उचलून आत नेली, कपडे भरायला. सुनेने डबा काढला. मी म्हटलं, सुकट जास्त घाल.

मग मी कट्ट्यावर आलो. माझ्या टोकाला बसणार होतो. पाय तिकडे गेले नाहीत, मी तुमच्या टोकाला बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऊन तोंडावर आलं, डोळे बारीक केले. माझ्या बाजूने मध्ये जनरेटरची खोली येते, काही दिसत नाही. तुमच्या बाजूने ती येत नाही. इथून माझं घर सरळ दिसतं. पायरी, ओटी, आणि ओटीवरची माझी जागा.